काउंटरमागे लपवलेले हात

प्रश्न : ताई, माझं वय 26. सांगली जिल्ह्यात एका पतसंस्थेत क्लार्क आहे. दीड वर्षापासून इन्स्टाग्रामवर दर रविवारी चार चौकटींची कॉमिक स्ट्रिप टाकते. विषय आमचाच : काउंटर, खातेदार, मॅनेजर, पिग्मी एजंट. लोकांना आवडतं. रोज येऊन 'बाकी किती?' विचारणाऱ्या आजोबांची स्ट्रिप तर खूप जणांनी पुढे पाठवली. पण तिच्याखालीच एकानं लिहिलं, 'चित्र पाचवीतल्या मुलानं काढलंय का?' ते डोक्यातून जात नाही. अप्लाइड आर्ट केलेली माझी मैत्रीण म्हणाली, 'लिहितेस भारी, पण चित्रं दुसऱ्या कोणाकडून तरी काढून घे.' भाऊ म्हणतो, एआयकडून काढून घे. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला मला क श्रेणी होती. हात काढता येत नाहीत, म्हणून मी सगळ्यांचे हात काउंटरमागे लपवते. दोन महिने झाले, काही टाकलेलं नाही. जुन्या स्ट्रिप्सही काढून टाकाव्यात असं वाटतं. आपल्याला चित्रकला येत नाही हे मान्य करून थांबावं का? सोबत सहा स्ट्रिप्स पाठवते आहे.

उत्तर :

थांबू नकोस. पण 'छान काढतेस, आत्मविश्वास ठेव' एवढं लिहून मी तुझी बोळवण करणार नाही. सहा स्ट्रिप्स पाठवल्या आहेस, तर त्यांच्याकडे बघूनच बोलू.

आजोबांची स्ट्रिप मी आधी वाचली आणि पत्र नंतर. वाचताना तिसऱ्या चौकटीवर नजर रेंगाळली. आजोबा आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढताहेत, पिशवीला रबर बँड, आत पासबुक. त्यांचा खांदा तू एका रेघेत काढला आहेस. पुढे झुकलेला, रोज तोच प्रश्न विचारायचा थोडा संकोच वाटणारा माणूस त्या एका रेघेत दिसतो. नंतर पुन्हा नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की दुसऱ्या चौकटीत त्यांचं डोकं पहिलीपेक्षा मोठं झालंय आणि काउंटरची कड भिंतीला भलत्याच ठिकाणी जाऊन मिळतेय. हे दोष खरेच आहेत. पण ते मला दिसले दुसऱ्या वाचनात, शोधायला बसल्यावर.

मॅनेजरच्या सहीची स्ट्रिप मात्र मला पहिल्यांदा कळलीच नाही. साहेब कर्जाचा फॉर्म उलटा धरून त्यावर सही ठोकतात, हा त्यातला विनोद. पण फॉर्म धरणारे हातच काउंटरखाली गेलेत. त्यामुळे फॉर्म नुसता हवेत तरंगणारा चौकोन वाटतो आणि तो उलटा आहे हे समजायला मला शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं लागलं. तिथे तुझं चित्र कमी पडलं.

या दोन स्ट्रिप्स शेजारीशेजारी ठेवून बघ. पहिलीत चुका आहेत आणि गोष्ट पोचते. दुसरीत माणसं प्रमाणात आहेत, रेघ स्वच्छ आहे आणि गोष्ट अडते. म्हणून कॉमिक काढणाऱ्यानं आपल्या चित्राला विचारायचा प्रश्न असा : वाचणारा इथे अडतो का? 'चित्र चांगलं आहे का' याला कधी उत्तर मिळत नाही, आणि रात्री अकरा वाजता फोनवर दुसऱ्यांची रील्स बघताना तर मुळीच मिळत नाही. 'अडतो का' याला मिळतं. ते मिळालं की पुढे नेमकं काय शिकायचं तेही कळतं. तुझ्या बाबतीत ते मला सहा स्ट्रिप्समध्येच कळलं : हात. 'मला चित्रकला येत नाही' हे वाक्य इतकं मोठं आहे की त्याच्यापुढे माणूस हतबल होतो. 'फॉर्म धरलेला हात काढता येत नाही' हे काम आहे, आणि ते महिनाभरात बरंच पुढे जाऊ शकतं.

आता त्या क श्रेणीविषयी. इंटरमिजिएटला काय काय असायचं आठव : स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. समोर तांब्या, दोन वांगी, मागे पडदा, आणि ठरलेल्या वेळात ते छायाप्रकाशासह रंगवायचं. परीक्षा चांगली आहे, डोळ्याला वळण लावते. आणि क श्रेणी म्हणजे तू त्यात उत्तीर्ण झाली होतीस, हे तू विसरूनच गेली आहेस. पण एकच चेहरा चार चौकटींत चारही वेळा ओळखू येईल असा काढायचा, त्यातल्या तिसरीत त्याला राग आलेला दाखवायचा आणि वर संवादाच्या फुग्याला जागा सोडायची, याचा पेपर तिथे नसतो. तू आज जे करतेस त्याच्या जवळात जवळचा म्हणजे स्मरणचित्राचा. विषय देतात आणि माणसं मनातून काढायला लावतात. तू दिवसभर काउंटरवर बघितलेलं रात्री घरी मनातून काढतेस. त्या विषयाचा तुझा अभ्यास दीड वर्ष अखंड चालू होता आणि दोन महिन्यांपूर्वी तू तो थांबवलास.

श्रेणीवरून आठवलं म्हणून सांगते. अमेरिकेत चार्ल्स शुल्झ यांनी तरुणपणी पत्रद्वारे चित्रकलेचा अभ्यासक्रम केला होता. त्यात लहान मुलांची चित्रं काढण्याच्या विभागात त्यांना मिळाला होता सी प्लस. पुढे 1950 पासून 2000 पर्यंत त्यांनी रोज जी स्ट्रिप काढली, त्या 'पीनट्स'मध्ये लहान मुलं आणि एक कुत्रा यांच्याशिवाय जवळपास कोणी नाही. मोठी माणसं त्यांनी चौकटीत येऊच दिली नाहीत. त्या सी प्लसचा अर्थ 'तुला मुलं काढता येणार नाहीत' असा होत नव्हता. त्या वेळी, त्या पद्धतीनं काढलेल्या मुलांना दिलेले ते गुण होते, एवढंच.

मैत्रिणीचा राग धरू नकोस. लेखक वेगळा आणि चित्रकार वेगळा ही कॉमिक्समधली जुनी, रीतसर पद्धत आहे. आपल्याकडे 1991 मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झालेला 'चिंटू' चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांचा. जपानमध्ये तर याहून बोलकं उदाहरण आहे. 'वन' या टोपणनावाच्या लेखकानं 2009 मध्ये 'वन-पंच मॅन' ही मालिका वेबवर स्वतःच्या हातानं काढायला घेतली. चित्रं ओबडधोबडच म्हणावी अशी होती. तरी वाचक वाढत गेले. त्या वाचकांत युसुके मुराता नावाचा नावाजलेला चित्रकार होता. त्यानं आपणहून ती नव्यानं काढायची इच्छा दाखवली आणि 2012 पासून त्याच्या चित्रांसह ती नव्यानं येऊ लागली. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ओबडधोबड चौकटींतही कोण कुठे उभा आहे, कोणाचा ठोसा कुठे बसला, कोण घाबरलं, हे सगळं आधीच स्पष्ट होतं. म्हणून दुसऱ्याला ते काढता आलं. आणि मुराता आल्यावरही 'वन'नं आपली वेबवरची मूळ मालिका स्वतःच्याच हातानं चालू ठेवली.

तेव्हा जोडीदार घ्यायला हरकत काहीच नाही, फक्त कारण तपासून बघ. तुला लिहिण्यातच रस असेल, चित्र काढताना कंटाळा येत असेल, तर जरूर घे. पण तुझ्या पत्रात कंटाळ्याची एक ओळही नाही. आजोबांच्या पिशवीचा रबर बँड तू दुपदरी काढला आहेस. कंटाळलेलं माणूस असं करत नाही. तुला काढायचं आहे आणि भीती वाटते आहे. भीतीपोटी काम दुसऱ्याच्या हाती दिलंस तर पुढची कित्येक वर्षं ते तुला सलत राहील, असं मला वाटतं.

भावाच्या सूचनेबद्दल माझं मत सरळ आहे : नको. यंत्र तुला पतसंस्थेचा काउंटर देईल, एक म्हातारा देईल, सगळं गुळगुळीत देईल. तुमच्या काउंटरवर दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन, आणि तो दोरा आखूड असल्यामुळे फॉर्म भरताना तिरकी होणारी बाई, हे तू सांगितल्याशिवाय त्याला सुचणार नाही. आणि सांगत बसायचं तर तुला ते आधी दिसायला हवं. दिसतं ते काढता काढता. मागच्या वर्षीच्या तुझ्या स्ट्रिपमध्ये पेनला दोरा नव्हता, यंदाच्यात आहे. हे निरीक्षण काढण्यातून आलंय. ते काम यंत्राला दिलंस की पुढचं असं काही तुझ्या नजरेला पडणं हळूहळू बंद होईल.

आता हात.

जगातले सगळे हात काढायला शिकू नकोस. तुझ्या कॉमिकला किती हात लागतात ते बघ. शिक्का मारणारा. नोटा मोजणारा, अंगठ्याला पाणी लावून. पासबुक पुढे सरकवणारा. फॉर्म धरलेला. पेन धरलेला. चहाचा कप धरलेला. कपाळावर गेलेला. 'थांबा जरा' म्हणणारा. स्टॅम्पपॅडवर अंगठा टेकवणारा. फोन कानाला लावलेला. झाली तुझी पतसंस्था. यातला एक एक हात घे आणि आठवडाभर तोच काढ. मॉडेल तुझ्यापाशीच आहे : उजव्या हाताने काढतेस, तर डावा मोकळा आहे. त्यात पासबुक धर आणि बघून काढ. बोटं मोजत बसू नकोस. आधी तळव्याचा आणि सगळ्या बोटांचा मिळून एक आकार काढ, हातमोजा घातल्यासारखा. मग अंगठा. हात कशाला धरून आहे ते अंगठा कुठे टेकलाय यावरून कळतं. बाकीची चार बोटं पुष्कळदा एका गठ्ठ्यात गेली तरी चालतात. दोन बोटांमधली रेघ हवीच असेल तर एकच दे.

दिवसा काउंटरवर असतेस तेव्हा रद्द पावत्यांच्या मागच्या बाजूला बॉलपेननं टिपत जा, अर्ध्या अर्ध्या मिनिटाची टिपणं. बॉलपेन अशासाठी, की खोडता येत नाही. फोनवर काढताना तू रेघ मागे घेण्याचं बटण किती वेळा दाबतेस ते मला तुझ्या रेघांवरून दिसतंय : चेहऱ्यांच्या रेघा ताठ झाल्यात आणि आजोबांचा तो खांदा मोकळा आहे. तो एका दमात काढला असशील, हो ना?

आर. के. लक्ष्मण यांच्याविषयी दोन गोष्टी सांगते, कारण दोन्ही तुझ्या कामाच्या आहेत. मैसूरला लहानपणी ते खोलीच्या खिडकीतून जे दिसेल ते काढत : वाळक्या काटक्या, पानं, लाकडं फोडणारा गडी आणि समोरच्या छपरांवरचे कावळे, कावळ्यांच्या नाना तऱ्हा. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं त्यांना प्रवेश नाकारला, तो प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. मला खिडकी जास्त महत्त्वाची वाटते. तुझी खिडकी म्हणजे ते काउंटर, आणि महिन्याच्या दहा तारखेला तिच्यापुढे लागणारी रांग.

दुसरी गोष्ट 'कॉमन मॅन'ची. 1951 पासून रोजचं व्यंगचित्र सुरू झालं तेव्हा लक्ष्मण त्यात वेगवेगळ्या प्रांतांची, वेगवेगळ्या पेहरावांची माणसं काढायचा प्रयत्न करत. रोजची वेळ गाठायची, एवढी गर्दी काढायला वेळ पुरेना. गर्दी कमी होत होत शेवटी उरला तो चौकटीच्या कोटातला, धोतर नेसलेला, एक शब्द न बोलणारा माणूस. वेळेच्या अडचणीतून देशातलं सर्वांत ओळखीचं व्यंगचित्र जन्माला आलं. तू प्रत्येक चौकटीत मागचं कॅलेंडर, पंखा, तिजोरी, सूचनाफलक, रांगेतली सहा माणसं काढतेस. त्यात दमतेस, आणि चेहऱ्यापर्यंत येईतो रविवार संध्याकाळ होते. पहिल्या चौकटीत जागा दाखव, पुढच्या तीनमध्ये मागची भिंत कोरी सोड. वाचणाऱ्यानं भिंत लक्षात ठेवलेली असते. काउंटर एकदाच मन लावून काढ आणि दर आठवड्याला तोच वापर. ही लबाडी नव्हे, रोज स्ट्रिप काढणारे सगळे हेच करत आलेत.

फोनच्या पडद्यावर काढतेस म्हणून एक सांगायलाच हवं. काढताना तू चित्र फार मोठं करून बघतेस. डोळ्याच्या पापण्या मोजता येतात तुझ्या स्ट्रिपमध्ये, आणि लांबून बघितलं तर चेहऱ्यावर भाव कोणता ते कळत नाही. वाचणारा तळहाताएवढ्या पडद्यावर, एसटीत बसून वाचणार. दर थोड्या वेळानं चित्र लहान कर, फोन हातभर लांब धर आणि बघ. भुवया आणि तोंड एवढ्यावर राग किंवा हसू कळतंय का? नसेल तर भुवया जाड कर. पापण्या गेल्या तरी कोणाला कळणार नाही.

अक्षरांकडे तुझं अजिबात लक्ष नाही, आणि खरं सांगायचं तर तुझ्या स्ट्रिप्स 'कच्च्या' वाटण्याचं निम्मं कारण चित्रात नाहीच, अक्षरांत आहे. तू आधी फुगा काढतेस आणि मग त्यात मजकूर कोंबतेस. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, रफार, खाली उकार. दोन ओळींत रोमन लिपीपेक्षा जास्त अंतर सोडावंच लागतं, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात शिरते. तुझ्याकडे 'मुदतठेवीची पूर्ण रक्कम' या वाक्यात तेच झालंय. आधी मजकूर लिही, मोकळेपणानं, मग त्याच्याभोवती फुगा काढ, आणि उरलेल्या जागेत माणसं बसव. जो आधी बोलतो तो शक्यतो डावीकडे. एका फुग्यात बारा-पंधरा शब्दांच्या वर जाऊ नकोस. मॅनेजर साहेबांना भाषणं द्यायची सवय असेल, तर त्यांचं भाषण फुग्याच्या कडेनं कापून टाक. तेवढ्यानंच हसू येईल.

'पाचवीतल्या मुला'बद्दल. त्या माणसाला चित्र आवडलं नाही, आणि तसं सांगायचा त्याला हक्क आहे. पण त्याच्या वाक्यात तुला करता येण्याजोगं काहीच नाही. 'मला सही कळली नाही' असं कोणी लिहिलं असतं तर मी तुला ते भिंतीवर चिकटवायला सांगितलं असतं. मजकुरात काम असेल ती टीका ठेव, नसेल ती पुसून टाक, आणि खुशाल पूस. पान तुझं आहे. जुन्या स्ट्रिप्स मात्र पुसू नकोस. आजोबांची स्ट्रिप ज्यांनी पुढे पाठवली ती मंडळी कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेत, बँकेत, तलाठी कार्यालयात बसलेली असणार. त्यांच्या दिवसाचं चित्र दुसरं कोणी काढत नाही. शिवाय वर्षानं तुला त्या लागतील : हात कुठे लपवले होते ते बघायला.

दर रविवारचा आग्रह काही दिवस सोड. महिन्यातून दोन स्ट्रिप्स पुरेत, पण तारीख ठरव आणि त्या दिवशी जी असेल ती टाक. टाकल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत फोन बघू नकोस. पहिली स्ट्रिप म्हणून सहीचीच पुन्हा काढ, साहेबांचे दोन्ही हात काउंटरवर घेऊन.

ती झाली की मैत्रिणीकडे जा. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांची चित्रं तिनं कॉलेजात पाहिली असतीलच. उंदरांची नक्षी असलेल्या साडीतली ती तरुणी आणि मांजरांच्या नक्षीच्या शर्टातला तो तरुण, शब्द एकही नाही आणि सगळं कळतं. तसंच करून बघ. स्ट्रिपमधला मजकूर पुसून, नुसती चित्रं तिच्यापुढे ठेव. 'कशी झालीय?' असं विचारू नकोस, नाहीतर ती पुन्हा श्रेणी देईल. 'यात काय चाललंय ते सांग' म्हण आणि गप्प बस. फॉर्म उलटा आहे हे तिनं आपणहून सांगितलं, तर स्ट्रिप त्याच दिवशी टाक. नाही सांगितलं, तर ती कोणत्या चौकटीवर अडली ते बघ, आणि तिथला हात कसा काढायचा ते तिलाच शिकवायला सांग. अप्लाइड आर्टला तिनं शेकड्यांनी काढले असतील.